कोरा गुडघा

नाशिकमध्ये पडण्यासारख्या जेवढ्या म्हणून जागा आहेत, तिथे माझी मावससासू एकदा तरी पडलेली आहे. पुरावा हवा असेल तर ती स्वतःच बाह्या सरसावून दाखवील. हनुवटीवरची खूण रामकुंडाच्या पायऱ्यांची. कोपरावरची मालेगाव स्टँडच्या उताराची. तिथून ती भाड्याची मोठी सायकल दांड्याखालून पाय घालून हाणत यायची आणि सायकलला ब्रेक असतो हे तिला खाली पोचल्यावर आठवायचं. पोटरीवरचा लांबलचक ओरखडा तपोवनातल्या चिंचेचा. गुडघ्यांवर तर एवढी गर्दी आहे की कुठली खूण कुठली, हे आता तिलाही सांगता येत नाही. "तिथे जागाच उरली नाही ग, म्हणून मग कोपरांवर पडायला लागले," असं ती शांतपणे सांगते.

सगळे तिला मावशीच म्हणतात. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी नाही की अंबाडा नाही, खांद्यापर्यंत कापलेले केस आणि पायात बोटभर मोठे पुरुषी सँडल. सगळा जन्म टेलिफोनच्या ऑफिसात ट्रंक कॉल जोडण्यात गेला, त्यामुळे समोरच्या खुर्चीतल्या माणसाशीही ती तो कलकत्त्यात बसला असल्यासारखी मोठ्याने बोलते. लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर म्हणते, "बघायला आले होते, तेव्हा मी झाडावर होते." लोक हसतात. माझ्या सासूबाई मात्र हसायच्या नाहीत, कारण ते अक्षरशः खरं होतं आणि पाहुण्यांसमोर पोहे त्यांनी नेले होते.

मावशीची माणसं ओळखायची रीत आपल्यासारखी नाही. कुठलंही मूल समोर आलं की ती नाव विचारत नाही, कितवीत आहेस विचारत नाही. खाली वाकते आणि गुडघे बघते. भाजीबाजारात वांगं उलटसुलट करून बघावं, तसं. पंचवटीतल्या बाजाराला लागूनच तिच्या दोन खोल्या आहेत, तेव्हा ती सवय तिथलीच असणार. आमची सई नऊ वर्षांची झाली तेव्हा वाढदिवसाला मावशी आली, केक वगैरे बाजूला ठेवून सईचे गुडघे तपासले आणि माझ्याकडे वळून, सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सूनबाई, हे काय? पोरगी नऊ वर्षांची आणि गुडघा कोरा?" मी म्हटलं, मावशी, ती कधी पडलीच नाही. तर म्हणाली, "मग शाळेत शिकवतात काय?"

मी मावशीच्या बाजूची आहे, हे इथेच सांगून टाकते. ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल आपल्या पोरांना हेल्मेट घालून झोपवावं. आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत मुलांना खेळायला रबराची जमीन आहे, घसरगुंडीला दोन्हीकडून जाळी आहे आणि तिच्यावर कॅमेरा आहे. मुलं खाली उतरताना आया पाण्याची बाटली, टोपी, सॅनिटायझर आणि बजावण्या एवढं सगळं बरोबर देतात. सातला मुलं वर येतात ती जशी गेली तशीच, इस्त्रीसकट. आम्ही लहान असताना संध्याकाळी घरी आलेलं पोर आपलंच आहे ना, हे आईला तोंड धुवून बघावं लागायचं. आज माझ्या लेकीच्या वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर एखादीच्या पोराला शिंक आली तर दुपारपर्यंत चर्चा चालते. मीही त्या ग्रुपवर आहे. बाहेर पडायची हिंमत झालेली नाही.

ह्या असल्या सोसायटीत मावशी दर शनिवारी यायची. पिशवीत गाभुळलेल्या चिंचा, बोरं, कैऱ्या, जो हंगाम असेल ते. पोरं तिच्याभोवती गोळा व्हायची. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या एका आईने विचारलं, "आजी, बोरं धुतलीत ना?"

"पुसलीत," मावशी म्हणाली.

"कशाला पुसलीत?"

"पदराला."

"आणि पदर?"

"पदर रविवारी धुते," मावशीने सांगितलं आणि एक बोर त्या बाईंच्याच हातावर ठेवलं. बाईंनी ते खाल्लं. मी बघितलं, दुसरंही घेतलं.

मग एका शनिवारी मावशीने कंपाउंडच्या भिंतीवरून तोल सांभाळत कसं चालायचं ते मुलांना शिकवायला घेतलं. शिकवायचं म्हणजे आधी करून दाखवायचं. मुलं सगळी धड राहिली. मावशी पडली आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालताना ती डॉक्टरांना सांगत होती की भिंत चांगली होती, सँडल वाईट निघालं. पण माझ्या नवऱ्याने काही ऐकून घेतलं नाही. त्याने मावशीला उचलून आमच्या घरी आणलं, न्हाणीघरात धरायला स्टीलचे दांडे बसवले, दिवाणखान्यात कॅमेरा लावला आणि सईच्या मनगटावर आहे तसलंच एक घड्याळ मावशीच्या धड असलेल्या हातावर बांधलं. माणूस कुठे आहे ते ह्या घड्याळावरून त्याच्या फोनवर हिरव्या ठिपक्यात दिसतं. बराच वेळ बसून राहिलं तर ते टुंऽऽग करून चालायला सांगतं. मावशीच्या खोल्यांची किल्ली त्याने स्वतःच्या गाडीच्या किल्लीला अडकवली आणि पाडव्यानंतर त्या खोल्या सोडून द्यायच्या, असं जाहीर केलं.

हा माझा नवरा म्हणजे मावशीचाच चेला, हे सांगायला हवं. त्याच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या पंचवटीत गेल्या. पाठीला पत्र्याचा डबा बांधून त्याला गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, ढकललं ते मावशीनेच. मालेगाव स्टँडच्या उतारावर त्याची सायकल मागून सोडून दिली तीही तिनेच; गुडघा फुटून रक्त आलं, तर मावशी म्हणाली होती, "पडलास ना? आता उठता येतं हेही कळलं." ही गोष्ट तो लग्नानंतर वर्षानुवर्षं कौतुकाने सांगायचा. सई झाली आणि सांगायचा बंद झाला. सईला ती मावशीनेच ऐकवली.

आमच्याकडे मावशी गप्प झाली. हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते आणि मला ते सहन होत नव्हतं. घड्याळाने टुंऽऽग केलं की उठायची, दिवाणखान्यात फेऱ्या मारायची, बसायची. सईही तिच्यामागे फेऱ्या मारायची. एक नऊ वर्षांची आणि एक सत्तरीची, दोघींच्या हातात सारखं घड्याळ, दोघींना खाली जायला परवानगी लागायची. "पंचवटीला परत कधी जायचं रे बाळ्या?" असं ती रोज जेवताना विचारायची आणि तो रोज "बघू" म्हणायचा. मोठी माणसं लहान मुलांना म्हणतात तसंच.

आता सुरुवातीला केलेल्या दाव्यात एक दुरुस्ती. नाशिकमध्ये एक जागा अशी होती की जिथे मावशी पडलेली नव्हती. ती म्हणजे रहाड. बाहेरगावच्यांसाठी सांगते: जुन्या नाशकात आणि पंचवटीत रस्त्याखाली दगडी बांधणीचे चौकोनी हौद आहेत. वर्षभर ते बुजवलेले असतात, वरून रिक्षा, हातगाड्या जातात, खाली काही आहे ह्याचा पत्ताही लागत नाही. रंगपंचमी जवळ आली की ते उकरून साफ करतात, फुलं उकळून केलेल्या रंगाने भरतात, पूजा होते, आणि मग लोक कडेवरून धाडकन त्यात उडी मारतात. ह्याला धप्पा म्हणतात. काठावर उभे असतील ते सगळे न्हाऊन निघतात आणि रंग दिवसेंदिवस अंगावरून जात नाही. मावशीच्या लहानपणी हा मामला फक्त पुरुषांचा. झाडावर चढ, पुरात पोह, कुणी अडवलं नाही, पण इथे मुलींनी खिडकीतून बघायचं. एका वर्षी ती भावाचा सदरा घालून थेट काठापर्यंत पोचली. उडी मारणार तेवढ्यात वडिलांनी मागून वेणी धरली.

"जन्मात पडायच्या आधी मला कुणी धरलं असेल ना, तर तिथेच," मावशी म्हणाली. हे तिने आमच्या सोफ्यावर बसून सांगितलं, फेऱ्या मारून झाल्यावर. मनगटाचं प्लास्टर तेव्हा निघालं होतं. "आता बायकांसाठीही वेळ ठेवतात म्हणे. पण आता काय."

ते "आता काय" माझ्या डोक्यात गेलं.

रंगपंचमीला शाळेला सुट्टी होती, नवऱ्याच्या कंपनीला नव्हती. तो गेला. मी दोघींची घड्याळं काढली. नुसती टेबलावर ठेवली असती तर टुंऽऽग टुंऽऽग करून त्यांनी आमचं बिंग फोडलं असतं. तेव्हा सईने तोड काढली: मान डोलावणाऱ्या टेबलफॅनला दोन्ही बांधली आणि फॅन सुरू केला. कॅमेऱ्यावर मी वाळत घालायचा टॉवेल टाकला. रिक्षा पंचवटीत शिरली तेव्हा नवऱ्याचा फोन आला. "आज दोघी घरातल्या घरात छान चालतायत ग," तो खूश होऊन म्हणाला. मी म्हटलं, हो, थांबतच नाहीयेत.

रहाडीच्या काठावर बायकांची झुंबड होती. एक कार्यकर्ता मावशीला म्हणाला, "आजी, मागं उभं ऱ्हा, लय निसरडं हाय."

"मला निसरडं शिकवतोस?" मावशी कडाडली. पलीकडच्या गल्लीतही ऐकू गेलं असावं.

पहिली सई गेली. पाण्यात उभ्या असलेल्या दोन दणकट बायकांनी तिला झेललं. नाकातोंडात केशरी रंग गेला, खोकली, ओरडली आणि हसत सुटली. माझ्या लेकीचा तसा आवाज मी आधी ऐकलेला नव्हता. मग मी गेले. हो, मीही. वर बघितलं तर मावशी अगदी काठावर उभी. "नको ग सूनबाई," ती म्हणाली, आणि तेही हळू आवाजात. इतकी वर्षं मी तिला ओळखते, तिच्या तोंडून "नको" कधी ऐकलं नव्हतं. वाटलं, आपण हिला उशिरा आणलं.

तेवढ्यात सई खालून किंचाळली, "मावशीआजी, पड ना! उठता येतं!"

मावशीने एकदा मागे वळून बघितलं. वेणी धरायला तिथे कुणी नव्हतं. केस तर तिने कधीच कापले होते. आणि तिने धप्पा मारला.

संध्याकाळी बेसन झालं, दही झालं, खोबरेल झालं, रंग हलेना. नवरा आला तेव्हा आम्ही तिघी ओळीने सोफ्यावर बसलो होतो, तिघींचे कान केशरी. मी भांडायची पूर्ण तयारी केली होती. मुद्दे तोंडपाठ होते.

"हे काय?" त्याने विचारलं.

"हळद सांडली," मावशी म्हणाली.

तो टेबलफॅनकडे बघत राहिला. दोन्ही घड्याळं अजून डोलत होती. मग तो समोरच्या खुर्चीत बसला. "धप्पा मारलास?"

"मारला."

"सईनेही?"

"माझ्या आधी."

त्याने उठून फॅन बंद केला. मग म्हणाला, आणि माझे सगळे मुद्दे वायाच गेले, "मग मला का नाही नेलंस?"

मावशीने त्याला जवळ बोलावलं. "दाखव बघू." त्याने मुकाट्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली. मावशी वाकली, चष्मा पुसला, अंगठ्याने चाचपडून ती जुनी खूण शोधली. "पुसट झाली रे बाळ्या," ती म्हणाली. त्याने तिच्या हातावर डोकं टेकलं. थोड्या वेळाने उठून गाडीच्या किल्लीतून दुसरी किल्ली सोडवली आणि तिच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली.

मावशी पंचवटीत परत गेली. रहाडीच्या दगडावर सईचा गुडघा खरचटला होता, त्यावर खपली धरली आहे आणि ती मला मलम लावू देत नाही, खूण राहिली पाहिजे म्हणते. शनिवारी ती मावशीकडे जाते, घड्याळ न घालता. मावशीचं घड्याळ आमच्याच खणात पडलेलं असतं. त्यामुळे नवऱ्याच्या फोनवर तिचा हिरवा ठिपका अजून आमच्याच घरात दिसतो. परवा मी म्हटलं, आता ते बंद कर की. तो घड्याळ चार्जिंगला लावत होता. म्हणाला, "राहू दे ग."