हनुमंतरावांनी जपलेला गाळ

सारोळ्याच्या डेअरीत सांडपाणी शुद्ध करणारे हनुमंतराव म्हणजे काळजी करण्यासाठीच जन्माला आलेला माणूस. मी सरोज. दर मंगळवारी भोरहून एसटीनं तिथं पाणी तपासायला जाते. फाटकातून आत पाऊल टाकलं की नमस्काराआधी त्यांचा प्रश्न येतो, "मॅडम, निळं किती यील आज?" माझं डोकं फिरतं. अहो, आधी बाटली तरी उघडू द्या!

तरी त्यांच्या काळजीला कारण होतं. पाण्यात फॉस्फरस जास्त असला की माझ्या नळीतलं औषध गडद निळं होतं, आणि ते पाणी ओढ्याला गेलं की खालच्या बंधाऱ्यात शेवाळ माजतं. दोन वर्षांपूर्वी बंधारा हिरवागार झाला होता. मासे उलटे तरंगले, म्हशी पाण्याला तोंड लावेनात. तेव्हा ग्रामसभेत उभं राहून हनुमंतरावांनी शब्द दिला, "पुन्यांदा असं व्हनार न्हाई." तेव्हापासून या माणसाला धड झोप नाही.

त्यांची सगळी मदार जिवाणूंवर. पहिल्या टाकीत हवा नसते. तिथं हे जीव पोटातला फॉस्फरस पाण्यात सोडतात आणि त्या ताकदीवर सांडपाण्यातलं आंबलेलं अन्न गिळून साठवतात. म्हणजे पाणी आधी बिघडतंच! नवीन असताना ते बघून हनुमंतरावांना जेवण जाईनासं झालं होतं. पुढच्या टाकीत हवा मिळाली की तेच जीव हावरटासारखे, सोडला त्याहून जास्त फॉस्फरस पोटात भरतात. मग ते तळाला बसले की त्यांचा थोडा गाळ रोज बाहेर काढायचा. त्याच्यासोबत फॉस्फरस जातो.

गेल्या मंगळवारी नळी शाईसारखी निळी झाली. पुन्हा तपासलं, तरी तेच.

"गाळ रोज काढताय ना?"

ते खाली बघत म्हणाले, "धा दिस झालं, न्हाई काढला. जीव लई जोमात व्हते वो. दुभतं जनावर कुनी इकतं का?"

हनुमंतराव मूळचे पासली गावचे भातशेतकरी, त्यांचं हे गणित. जीव जपले की काम वाढेल! मी तोंडाला येईल ते बोलले, आज त्याची लाज वाटते. तळाशी हवेविना पडून राहिलेल्या जिवाणूंनी खाल्लेलं पुन्हा पाण्यात ओकलं होतं.

डेअरीच्या मॅनेजरनी येऊन नळी बघितली. "तपासणीवाले पुढच्या महिन्यात येतील. सोडा पाणी ओढ्याला, कुणाला कळतंय?"

हनुमंतरावांनी जाऊन ओढ्याकडचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. टाक्या संध्याकाळपर्यंत भरणार होत्या. गाळ उपसून पाणी ताळ्यावर यायला आठवडा तरी लागणार, म्हणजे तोवर डेअरीचं सांडपाणी सोडायला जागा नाही आणि गावचं दूध घेणं बंद.

"मग गावाला तूच सांग," मॅनेजर ओरडले. "आणि नोकरीचं बघू नंतर."

हनुमंतरावांचे हात व्हॉल्व्हच्या ग्रीसनं माखले होते, म्हणून मोबाईलवर नंबर मीच लावून दिला, स्पीकरवर. पहिला फोन घरी. त्यांच्या मंगलबाईही दोन म्हशींचं दूध तिथंच घालतात.

"सांच्याला दूध आनू नगं. वाडीत समद्यांना सांग, आठ दिस डेरी बंद."

"अगं बया! कुनामुळं?"

"माझ्यामुळं. माझं नाव घिऊन सांग."

लग्नातल्या उखाण्यानंतर त्या बाईनं नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. हनुमंतरावांनी डोळे मिटून घेतले.

"नाव न्हाई घेनार म्या," मंगलबाई म्हणाल्या. "आमच्या घरची चूक झाली म्हनून सांगते."