घडावरची अर्धी बातमी

मंजुळाची आठवण आली की मला आधी तिची हनुवटी दिसते, कारण तिला मी बहुतेक वेळा मान वर करून उभी असलेलीच पाहिली. निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत, मांडवाखाली, डोक्यावर लोंबणाऱ्या घडाकडे बघत ती उभी असायची आणि ओठ हलत असायचे. नवख्या माणसाला वाटावं, ही घडाला नवस बोलते आहे. ती वाचत असायची.

थंडी पडली की आमच्याकडे निर्यातीच्या घडांना कागद बांधतात. उघडा घड निफाडच्या थंडीत राहिला तर मणी गुलाबी पडतात आणि परदेशातलं गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून रद्दीतली वर्तमानपत्रं मधोमध कापायची, अर्धं पान घडाभोवती गुंडाळायचं आणि वर पिन मारायची. आठवडाभरात सगळी बाग बातम्यांनी लगडून जाते. या कामाला सुरगाण्याकडच्या डोंगरातून बायकांच्या टोळ्या येत, भाताची कापणी उरकली की. मंजुळा आणि तिची धाकटी बहीण काशी अशाच एका टोळीतल्या.

आणि मी? मी त्यांना शहाणं करायला जायची. तिशीची होते, नाशिकला सासर, खळ घातलेली सुती साडी, खांद्याला झोळी, झोळीत तक्ते. आठवड्यातून तीन दिवस दुपारच्या बसने यायचं, बागेच्या शेडमध्ये तास-दीड तास साक्षरता वर्ग घ्यायचा आणि पाचच्या बसने परत. ती बस चुकली तर सासूबाईंच्या चहाला उशीर व्हायचा, आणि स्त्रीशिक्षणाचं कार्य सासूबाईंच्या चहाच्या आतच उरकायचं असतं, अशी माझी तेव्हाची क्रांती होती.

वर्गासोबत एक शिलाई मशीनही आलं होतं. बायकांनी अक्षरही शिकावं आणि कलाही, असं वरून ठरलेलं. मला शिलाई येते की नाही हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं. पुस्तक उघडं ठेवून मी पहिलं झबलं शिवलं आणि मोठ्या ऐटीत सगळ्यांसमोर धरलं. मंजुळाने ते हातात घेतलं, आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं, गंभीर तोंड करून विचारलं, "बाई, लय नामी झालंय. पण यात बाळ घालायचं कुठून?"

मी गळाही शिवून टाकला होता. शेडमध्ये जो हशा पिकला, त्यानंतर माझी भीती कुणाला उरली नाही आणि वर्ग खरा सुरू झाला. मशीन मंजुळाने ताब्यात घेतलं. पंधरा दिवसांत ती टोळीतल्या लेकरांची झबली शिवायला लागली, गळ्यासकट.

अक्षरांचं मात्र जमेना. माझ्या पुस्तकात कमळ होतं, बदक होतं. दिवसभर हात वर करून राबलेल्या बायका बदक पाहून जांभया द्यायच्या. मंजुळा दोन दिवस आलीच नाही तेव्हा मी तिला फैलावर घेतलं. ती म्हणाली, "अक्षर कुठं पळून चाललंय बाई? पळतं ते माणूस."

मग एक दिवस मला अक्कल सुचली. म्हटलं, पुस्तक मरू दे, घडांवरचं वाचा. काम करता करता जे कळेल ते वाचायचं. जो शब्द अडेल त्याला कोळशाने गोल करायचा, आणि मी आले की विचारायचं. आयुष्यात मी दिलेला एवढा एकच धडा चांगला होता. दोन महिन्यांत बायका मथळे वाचू लागल्या. मी शेडमधून बाहेर आले की मांडवाखालून आवाज यायचे, "बाई, इकडं या, इथं एक गोल हाय." मी ओळींमधून मान वर करून फिरायची, डॉक्टरीणबाईंच्या फेरीसारखी.

अडचण एकच होती. पान मधोमध कापलेलं, त्यामुळे बातमीही अर्धीच. तिचा दुसरा तुकडा कुठल्या घडावर गेला, देव जाणे. बाकीच्या बायका सोडून द्यायच्या. मंजुळा उरलेली बातमी स्वतः रचायची. एका मंत्र्याने विहिरीत उडी घेतली, एका नवरदेवाला तिने कांद्याच्या लिलावात विकलं. मी हसून विचारलं, खरं काय झालं ते कळावंसं वाटत नाही का? तेव्हा म्हणाली, "अर्धी बातमी म्हंजे अर्धी भाकर. पोट भरत नाय, पण भूक किती हाय ते कळतं."

त्या वर्षी डिसेंबरात काशीला दिवस गेले म्हणून टोळीने तिला घरी पाठवलं. घाटातून जीप जायची, दाटीवाटीने माणसं भरलेली. काशी गेली त्याला आठवडा झाला होता, आणि बागेच्या शेवटच्या ओळी त्याच आठवड्याच्या ताज्या रद्दीत बांधल्या जात होत्या. निरोप यायला तेव्हा मोबाईल नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या तोंडून कळेल तेवढंच.

मी शेडमध्ये फळा पुसत होते. मंजुळा पळत आली. तिला पळताना मी तेव्हाच पाहिलं. तिच्या दोन्ही हातांत कागदाचे दोन तुकडे होते, कडा जुळवून धरलेले. डाव्या तुकड्यावर तिने स्वतः वाचलं होतं: "घाटात जीप उलटून सुरगाण्याच्या दोन महिला". पुढचं पान कापलेलं. त्या पुढच्या शब्दासाठी तिने अख्खी ओळ उघडी केली होती. पन्नासेक घडांचे कागद ओढून काढले होते, मातीत पसरून एकेक कड लावून पाहिली होती. आणि सापडलेल्या तुकड्यावर नेमका शेवटचा शब्द अडला होता. त्याच्याभोवती कोळशाचा गोल होता. तशा वेळीही तिने गोल केला होता.

"बाई, लवकर सांगा. गेल्या का राहिल्या?"

मी वाचलं, "बचावल्या."

ती मटकन खाली बसली. पदर तोंडात कोंबून हसली की रडली, मला आजही सांगता येणार नाही. त्या दोघींत काशी होती की नव्हती, हे बातमीत कुठेच नव्हतं. पण बचावल्या तर दोघीही, एवढं तिला पुरलं.

तोवर बागेचे मालक आले. आण्णा म्हणत सगळे त्यांना. माणूस वाईट नव्हता, पण उघडी ओळ आणि मातीत पडलेले कागद पाहून त्यांचं तोंड उतरलं. थंडीची लाट होती, आणि महिन्यावर तोडणी. "कोणी सांगितलं गं घड सोडायला?"

मंजुळा म्हणाली, "मीच सोडले."

"हे वाचायचं खूळ कुणी घातलं डोक्यात?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही सांगितलंत का, बागेत वाचत बसा म्हणून?"

आता ऐका, तुमची ही क्रांतिकारक काय म्हणाली. म्हणाली, "मी तर शेडमध्येच शिकवते."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच जास्त वाईट होतं. मला वाटलं, हो म्हटलं तर शेड जाईल, वर्ग बंद होईल, वर अहवाल जाईल. मंजुळाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गळा शिवलेल्या झबल्याकडे पाहिलं होतं तसं. मग आण्णांना म्हणाली, "बाईंचा काय संबंध? माझंच डोकं फिरलं. वर्ग नका बंद करू."

तिने ती ओळ लगेच पुन्हा बांधायला घेतली. तरी आण्णांनी सांगितलं, उद्यापासून तू नको. मी पाचच्या बसला निघाले तेव्हा ती हातातलं काम ठेवून फाटकापर्यंत आली. ते दोन तुकडे तिने घडी करून कमरेला खोचले होते. म्हणाली, "जोडाक्षरं राहिली माझी. पावसात रिकामी असते मी. याल का गावाला? तोवर अडलं की गोल करून ठेवते."

मी म्हटलं, "येईन. नक्की येईन."

वर्ग पुढे दोन वर्षं चालला. मी तिच्या गावाला गेले नाही. एका पावसाळ्यात मुलाचे दात, दुसऱ्यात नणंदेचं लग्न, तिसऱ्यात घाटातला रस्ता खराब. नंतर कारणं देणंही थांबवलं. ती त्या बागेत परत आली नाही. दर थंडीत बागा कागद नेसून उभ्या राहिल्या की बसच्या खिडकीतून मी मांडवाखाली हनुवटी शोधायची, एवढंच.

मागच्या वर्षी नाशिकला बचत गटांचं प्रदर्शन भरलं होतं. नात हट्टाने घेऊन गेली. नागलीच्या पापडांच्या एका स्टॉलवर कपाळावर जुनी खूण असलेली म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही निफाडच्या बागेतल्या बाई ना? झबल्याच्या?"

काशी होती. कपाळाच्या खुणेवर बोट ठेवून म्हणाली, "जीपमधल्या दोघींतली एक मीच की." मी मंजुळाचं विचारलं. चार वर्षांपूर्वी गेली, म्हणाली. गावात तिने बायकांना शिलाई शिकवली होती, आणि जेवढं येत होतं तेवढं वाचायलाही. "तुमची वाट बघायची. रागावून नाय. पाव्हण्याची बघतात तशी. एकदा येऊन तर जा."

मुलाने गाडी देतो म्हटलं, मी नको म्हटलं. जीपनेच गेले.

मंजुळाचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं. आतली भिंत कागदांनी मढवलेली होती. तोडणी झाली की बागांतून निघालेले कागद मंजुळा दरवर्षी कुठून कुठून गोळा करून आणायची आणि खळीने चिकटवायची. दाराजवळ ते दोन तुकडे होते, कड कडेला लावून. त्यांच्यापासून सुरू होऊन भिंतभर, वर आढ्यापर्यंत, कोळशाचे गोल होते. खालचे ठसठशीत. वरचे थरथरलेले.

मी उभीच राहिले. काशीने चहा आणला, मग पाट आणून भिंतीशी ठेवला.

"वाचा आता. मोठ्यानं. ती सांगून गेलीय, बाई आल्या तर एक बी सोडू देऊ नको."

मी चष्मा पुसला. पहिला गोल वाचला: बचावल्या. काशी म्हणाली, "हा आला होता तिला. पुढचा."

पुढचा वाचला. मग त्याच्या पुढचा. खालची ओळ संपली तशी मी उठून उभी राहिले आणि मान वर केली. मधेच कुणीतरी दारात येऊन म्हणालं, शेवटची जीप निघतेय. काशीने माझ्याकडे पाहिलं.

"जाऊ दे तिला," म्हटलं, आणि मी वरचा गोल वाचायला घेतला.