घळीतली ताटी

परवापर्यंत ही गोष्ट माझ्या पोटातच होती. बायकोला सांगितली नाही, आईला तर नाहीच. आणि मी काही पोटात ठेवणारा माणूस नव्हे. धसईच्या बाजारात कुणालाही विचारा, कुणाच्या घरी काय शिजलं ते मी चुलीआधी सांगतो! तरी ही एक गोष्ट इतकी वर्षं दाबून ठेवली. कशी ठेवली? माझं मलाच नवल वाटतं.

आधी दत्तूचं सांगतो. दत्तू माझा चुलतभाऊ, माझ्याहून धाकटा. शाळेत ढ, शेतात आळशी, पण पाण्यात — पाण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आमच्या गावामागून डोंगराचा ओहोळ उतरतो. उन्हाळ्यात पोरं उडी मारून ओलांडतात, एवढासा. पावसाळ्यात मात्र अरुंद घळीतून असा उसळत येतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. ठाण्याची काही मंडळी जीपवर रंगीत प्लॅस्टिकच्या होड्या बांधून यायला लागली. एका माणसापुरती होडी. कमरेपर्यंत आत बसायचं, हातात दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं, आणि त्या घळीतून, दगडांमधून, सुसाट खाली. आम्ही हसलो. मरायला एवढ्या लांब कशाला येतात, असं म्हातारी माणसं म्हणायची.

दत्तू हसला नाही. तो होड्यांबरोबर काठाने धावायचा. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी त्याला होडीत बसवलं, आणि महिन्याभरात तो त्यांच्यातल्या भल्याभल्यांच्या पुढे गेला. त्यांचा जो म्होरक्या होता, त्याला सगळे सर म्हणायचे. सरांचा दत्तूवर जीव बसला. दिवाळीनंतर तुला उत्तरेकडच्या मोठ्या नदीवर कामाला नेतो, म्हणाले. पगारी काम! दत्तूने हे गावभर सांगितलं. घरात नवी बॅगसुद्धा आली.

होड्या सोडायच्या आधी एकाने काठाकाठाने सगळा ओहोळ चालून बघायचा, अशी त्यांची पद्धत. झाड आडवं पडलंय का, काही अडकलंय का. ते काम दत्तूचं. दत्तू 'मोकळा हाय' म्हणाला की मगच होड्या पाण्यात.

आता माझं — सांगतोच.

पावसाळा सरत आला की मासे खाली उतरतात. तेव्हा आम्ही घळीत दोन दगडांच्या फटीत बांबूच्या कामट्यांची ताटी आडवी लावतो. पाणी निघून जातं, मासा राहतो. कोणत्या घराने कोणत्या फटीत लावायची, हे पणजोबांच्या वेळेपासून ठरलेलं. घळीतली सगळ्यात चांगली फट आमची. होड्यांच्या दिवशी कुणी ताटी लावायची नाही, असं गावाने ठरवलं होतं. मीही मान डोलावली होती. पण आत चडफडत होतो. आमची फट, आणि आम्हीच लावायची नाही? का दत्तूचं कौतुक डोळ्यांत सलत होतं? असेल. तेही असेल.

त्या रविवारी बहीण आणि मेव्हणे यायचे होते. मासे असते तर बरं झालं असतं, असं आई सहज बोलली. दत्तू ओहोळ बघत बघत वर गेला, ते मी झाडाआडून पाहिलं. तो दिसेनासा झाल्यावर ताटी लावली. होड्या जेवणं झाल्यावर सुटणार, असं कानावर होतं. तोवर काढून टाकू म्हटलं. पण डोंगरावर काळं भरून आलं, आणि पाणी वाढायच्या आत उतरून जाऊ म्हणून त्यांनी होड्या लवकर सोडल्या.

मी ताटी काढायला काठावर पोचलो, तोच पहिली होडी आली; तिच्यात एक मुलगी होती. होडी ताटीवर आदळली, आडवी झाली, अडकली. पोरगी पाण्याखाली. मी उडी मारली. आणि हे नीट ऐका — मी आधी तिला धरलं नाही. आधी ताटीला लाथा घातल्या. तिला सोडवायला ताटी मोडावीच लागली असती, हे खरं. पण माझ्या मनात ती पोरगी नव्हतीच. ही ताटी कुणाला दिसता कामा नये, एवढंच मनात होतं. कामट्या वाहून गेल्या, मग मी तिचा हात धरला.

ती वाचली. खांद्याचं हाड मोडलं, पण वाचली. लोकांनी मला डोक्यावर घेतलं. त्या वर्षी म्हशाच्या जत्रेत ओळख नसलेली माणसं मला चहा पाजत होती, पोरीला वाचवणारा तो हाच म्हणून. मी प्यालो तो चहा.

आणि दत्तू? सर सगळ्यांदेखत त्याला म्हणाले, तू नीट पाहिलंच नाहीस. तो शपथा घेत होता, ओहोळ मोकळा होता म्हणून. मग माझ्याकडे वळला.

"तू व्हतास ना तिथं? काय अडाकलं व्हतं रे?"

"फांदी व्हती," मी म्हटलं. "चांगली मोठी."

त्याचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. स्वतःवर नाही, माझ्यावर.

होड्या परत आल्या नाहीत. मोठी नदी राहिली, दत्तू आसनगावला गोदामात हमालीला लागला. तेही एक वेळ सोडा. पण त्याचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसाच गेला. दाराला कुलूप लावून निघाला की परत येऊन ओढून बघणार. रस्ता ओलांडताना मला विचारणार, गाडी नाय ना रे? डोळे तपासून आला, डॉक्टर म्हणाला ठणठणीत आहेत. यानं डॉक्टरचंही खरं मानलं नाही. आणि मी? मी त्याच्यासमोर बसून गप्पा हाणत होतो. लाज कशी वाटली नाही मला?

परवा त्याच्या ओटीवर बसलो होतो. पाऊस संपलाय, ओहोळ शांत झालाय. त्याची मुलगी पोहायला शिकव म्हणून मागे लागली होती. दत्तू म्हणाला, "नको गो बाय. माझी नजर चुकंल, तू बुडशील."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. पोरीला आत पाठवलं आणि सगळं सांगितलं. ताटी, लाथा, फांदी — सगळं. आता हा मारणार, असं धरून चाललो होतो. मारलं असतं तरी हूं की चूं केलं नसतं.

मग त्याने विचारलं, "म्हंजे मी बघला तवा मोकळाच व्हता?"

"मोकळाच व्हता."

"मला बराबर दिसलं व्हतं?"

"बराबर दिसलं व्हतं, दत्तू."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडला. मोठ्याने. मग उठून आत गेला. मी किती तरी वेळ ओटीवर बसून होतो, तो बाहेर आला नाही.

त्या रात्री मला गाढ झोप लागली. हलकं वाटलं, अगदी मोकळं मोकळं. त्याची अकरा वर्षं गेली आणि हलका मी झालो — आहे हे असं आहे, लपवत नाही.

काल दुपारी ओहोळाकडून येत होतो. दत्तू छातीएवढ्या पाण्यात उभा होता, पोरगी त्याच्या हातांवर पाय आपटत होती. त्याने मला पाहिलं. हाक मारली नाही. पोरीच्या पोटाखालचा हात काढला आणि तिच्याकडे बघत राहिला.