निखिलच्या पेशी निळ्या का झाल्या नाहीत

"मिसेस माने, निखिलच्या रक्तात न्यूट्रोफिल्स भरपूर आहेत. फक्त त्यांना जंतू मारता येत नाहीत," कन्सल्टंट बाई म्हणाल्या. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की यांनी दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त तपासलंय.

संशयाला कारण होतं. शेजारच्या बेडवर माझ्या निखिलच्याच वयाचा एक गुजराती मुलगा होता. एका नर्सनं निखिलला त्या मुलाच्या नावानं हाक मारलेली मी स्वतः ऐकली होती. इंग्लंडमधल्या त्या वॉर्डात ब्राऊन मुलं दोनच, आणि तीही यांना वेगळी ओळखता येईनात. मग बाटल्यांवरची लेबलं यांनी बरोबर लावली असतील कशावरून?

आजाराचं नाव त्यांनी सांगितलं, क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज. न्यूट्रोफिल ही रक्तातली एक पांढरी पेशी. शरीरात जंतू शिरला की सगळ्यांच्या आधी ती तिथं पोचते आणि त्याला गिळते. गिळल्यावर पोटातल्या पोटात ब्लीचसारखं रसायन तयार करते आणि त्याला मारते. निखिलच्या पेशी जंतू गिळत होत्या, पण ते रसायन त्यांच्यात बनतच नव्हतं. जंतू आत सुखात राहत होता.

हे मी लिहितेय ते अशासाठी, की तुमच्या घरात एखादा मुलगा असा पुन्हा पुन्हा गळवांनी पिकत असेल, तर आमच्याइतका वेळ तुमचा जाऊ नये.

आम्ही तेव्हा ब्रिस्टलला होतो. सुधीर, म्हणजे माझे यजमान, विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यात इंजिनियर. मी सोलापूरच्या कॉलेजातली बी.एस्सी. माझे वडील मार्केट यार्डात पोती उचलायचे. आमच्या सगळ्या भावकीत पहिली पदवी माझी. मी ती मिरवते, आणि का मिरवू नये?

निखिल रांगायला लागला तेव्हा त्याच्या मानेत गाठ आली. जीपी, म्हणजे आमचे तिथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, ग्लँड आहे, जाईल. ती पिकली, हॉस्पिटलात चिरून पू काढला. मग पाठीवर गळू आलं, मग बसायच्या जागी. मी कणीक-हळदीचं पोटीस बांधायचे. गळू पिकायचं, फुटायचं, पू यायचा आणि मला हायसं वाटायचं. आपल्याकडे तसंच मानतात ना, पू गेला म्हणजे घाण गेली. आठवडा बरा जायचा आणि दुसरीकडे नवीन गाठ हाताला लागायची.

मग संशयाचे दिवस सुरू झाले. हेल्थ व्हिजिटर, म्हणजे लहान मुलांना घरोघर जाऊन बघणारी सरकारी नर्स, घरी आली. तिनं मालिशच्या तेलाची बाटली उघडून वास घेतला. टॉवेल किती आहेत, बाथ कितीजण वापरतात, सगळं विचारलं. मी चहा केला, तो तिनं तसाच ठेवला. मला कळलं ती काय समजून चाललीय ते. पुढे आम्हां तिघांच्या छातीचे एक्सरे काढले. इंडियन आणि मानेत गाठ, म्हणजे टीबीच असणार. टीबी निघाला नाही. त्याबद्दल सॉरी कुणी म्हणालं नाही.

सासूबाई फोनवर म्हणायच्या, "आमच्याकडे असं कधी कुणाला झालं नाही हो." एवढंच. पुढचं मी समजून घ्यायचं. मीही काही कमी नव्हते. मला सुधीरच्या अलॉटमेंटचा संशय यायचा. कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेल्या त्या तुकड्यात ते मेथी लावायचे, आणि कंपोस्टनं माखलेल्या हातांनी येऊन पोराला उचलायचे.

तिसरं वर्ष संपत आलं आणि निखिलला ताप आला तो उतरेना. स्कॅनमध्ये लिव्हरमध्ये पू दिसला. नळी घालून तो काढला. त्यात सापडला स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा काही परदेशातला जंतू नव्हे, अनेकांच्या नाकात तो बिनबोभाट राहतो. सलाईनमधून अँटिबायोटिक चालू होतं. ताप उतरायचा, दोन दिवसांनी परत चढायचा. हे लोक औषधात पाणी घालतात की काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. आज हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

अशातच ती रक्ताची टेस्ट झाली आणि बाईंनी आजाराचं नाव सांगितलं. मी सरळ बोलले, "तुमचा रिझल्ट मला मान्य नाही. सॅम्पलची अदलाबदल झाली असेल. मी सायन्स ग्रॅज्युएट आहे. मला डोळ्यांनी बघायचंय."

सुधीरनी माझी बाही ओढली. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मग पुन्हा करू. रक्त तुमच्यासमोर काढू, लेबल तुम्हीच लावा. आणि लॅबमध्ये या."

टेस्टचं नाव एनबीटी. पिवळा रंग रक्तात मिसळायचा आणि पेशींना डिवचायचं. पेशी धडधाकट असेल तर ते ब्लीचसारखं रसायन बनायला लागतं आणि पिवळ्याचा काळपट निळा होतो. आधी त्यांनी लॅबमधल्या एकाच्या रक्ताची स्लाईड दाखवली. जवळजवळ प्रत्येक पेशीत निळी शाई सांडलेली. मग निखिलची. मी स्लाईड या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवली. एकही निळी नव्हती. लेबल माझ्या हातचं होतं. आता संशय घ्यायला कुणी उरलं नाही.

तिथं उभ्या उभ्या बाईंनी मला सांगितलं, की ताप परत का येतो. "औषध पेशीच्या बाहेर फिरतं आणि जंतू पेशीच्या आत बसलेला असतो. तुमच्या मुलाचीच पेशी त्याला लपवते आणि दुसरीकडे नेऊनही सोडते." काही जंतू स्वतःच थोडं पेरॉक्साईड, म्हणजे त्या ब्लीचच्याच जातीचं रसायन, तयार करतात. तेच वापरून निखिलच्या पेशी त्यांना मारू शकतात. पण स्टॅफ लबाड. त्याच्याकडे कॅटालेज नावाचं एन्झाइम असतं. आपणच बनवलेलं पेरॉक्साईड तो मोडून टाकतो, मागे काही ठेवत नाही. पू म्हणजे याच पेशींचा लगदा; म्हणजे ज्या पुवाला मी घाण समजून निरोप देत होते, तो या जंतूचा बिऱ्हाड बदलायचा टेम्पो होता.

"आता तुमचं रक्त," बाई म्हणाल्या. मला वाटलं, रिसर्चसाठी हवं असेल. विचारलंही. त्या हसल्या, "नाही, तुमच्यासाठीच."

माझ्या स्लाईडवर अर्ध्याअधिक पेशी निळ्या होत्या आणि त्यांच्या अंगाला अंग लावून बाकीच्या कोऱ्या. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला म्हणे कॅरियर म्हणतात; दोष बायका वाहतात, आजार होतो तो बहुतेक मुलग्यांना. अर्ध्या चांगल्या पेशींवर माझं भागत होतं. मुलाच्या वाट्याला माझी कोरी बाजू गेली.

"तुमच्या माहेरी लहानपणी गेलेले मुलगे आहेत का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणाले. मी थोरली, माझ्यामागं धाकटी बहीण सुनंदा, एवढंच मला माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, आईंना विचारा.

आमच्या गावात फोन कंपाउंडरकडे. रविवारी आईला बोलावून घेतलं.

"आई, माझ्या आधी कुणी झालं होतं का गं?"

ती म्हणाली, "कुनी इचारलं? सासूनं?"

"डॉक्टरनं."

"जावई हायत का तितं?"

"आहेत."

"मग न्हाई कुनी."

सुधीर शेजारीच उभे होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. ते किचनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं. मी म्हटलं, गेले, आता सांग.

"दोन," आई म्हणाली. "दोनी पोरंच. गळवं यायची. मानंला, बगलंत. पिकायची, फुटायची, दुसरीकडं यायची. धाकल्याचं शेवटाला पोट फुगलं." मग आवाज खाली गेला. "कुटं बोलू नगंस. सुनंदाला बघाया येत्यात. अशा घरची पोरगी कोन करंल? तुझ्या टायमालाबी आमी तोंड शिवूनच हुतो."

मी फोन ठेवला. सुधीर आता त्यांच्या आईला कळवतील आणि मग काय होईल, हे मला दिसत होतं. त्यांनी फोन केलाच. मी जिन्यात बसून ऐकत होते. ते म्हणाले, "रक्तातला आजार आहे, आई. कुणाचा हात नाही त्यात. पुन्हा तिला काही बोलू नकोस." त्या दिवसानंतर मी त्यांच्या मेथीबद्दल काही बोलले नाही. कंपोस्ट मात्र बंद करावंच लागलं. कुजक्या पाल्यातली बुरशी या मुलांच्या फुफ्फुसात जाते, असं बाईंनी बजावलं होतं.

पेशीच्या आत शिरणारं औषध दिलं, पुन्हा एकदा पू काढला, आणि निखिल घरी आला. तेव्हापासून रोज को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक. नव्वदनंतर इंटरफेरॉनची इंजेक्शनंही आली. पेशींना जोर यावा म्हणून ती देतात. आज तो शाळेच्या टीममध्ये बोलिंग टाकतो. त्याच्या अंगावर एखादी गाठ हाताला लागली की अजून मी तडक हॉस्पिटलला फोन लावते. पण त्या बाईंनी माझा संशय अपमान मानला नाही, तो मायक्रोस्कोपखाली ठेवून दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तुम्हाला एकच सांगणं. आपल्या आईला विचारा. विचारताना खोलीत जावई, सून कुणी नको.

निखिल घरी आल्यावर मी आईला पुन्हा फोन केला. अर्ध्या निळ्या, अर्ध्या कोऱ्या पेशींचं सगळं सांगितलं. तिला किती कळलं कोण जाणे. माझ्यासारखंच तुझंही रक्त असणार, असं म्हटलं. सुनंदाची तपासणी व्हायला हवी, तेही म्हटलं.

"म्हंजी दुधात न्हवतं," ती म्हणाली.

"काय?"

"तुजी आजी म्हनायची, हिचं दूध नासकं हाय, त्यानंच पोरं गेली. तुला म्या अंगावर पाजलीच न्हाई. शेळीच्या दुदावर वाडीवली."

"दुधात काही नव्हतं, आई."

पलीकडे कंपाउंडरच्या घरातला रेडिओ ऐकू येत होता.

"सुनंदाला मीच सांगते," ती म्हणाली. "बघाया येनाऱ्यान्लाबी सांगते."