शेंदराखालचं लायसन

ते प्रकरण आठवलं की मी घरात एकटाच हसतो. सोबत हसायला मंडळी, म्हणजे माझी बायको, नाही, ती मागच्या साली गेली. पण हे प्रकरण उलगडलं तिच्यामुळे, म्हणून लिहून ठेवतो. माझं शिक्षण सातवी. शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार होऊन निवृत्त झालो. भाषा सांभाळून घ्या.

तेव्हा मी दारव्ह्याला होतो. वाचनालयात सकाळी पेपर वाचणाऱ्यांचा अड्डा जमे. कापसाचा भाव बोलून झाला की कॉम्प्युटरच्या बातम्या. व्हायरस कसा शिरतो, चोरीचं सॉफ्टवेअर कसं ओळखायचं, यावर ज्यांनी कॉम्प्युटरला बोट लावलं नाही तेच जास्त भांडत.

त्यातलेच एक निवृत्त गुरुजी एका सकाळी पेपर काखेत घेऊन ठाण्यात आले.

"जमादार, गावात चोरी होऊन राह्यली अन् तुम्ही चहा पिऊन राह्यले!"

"काय गेलं, गुरुजी?"

"गेलं नाही, आलं! त्या फॉर्मवाल्या बाईच्या मशीनवर लायसनचं स्टिकरच नाही. पेपरात साफ लिहेल हाय, असं मशीन चोरीच्या सॉफ्टवेअरचं असू शकते. व्हायरस घुसला त साऱ्या गावाचे कागद बाहेर!"

खबर स्टेशन डायरीला घेतली. ठाणेदार साहेबांनी बाईला मशीनसकट बोलावलं. ती बसस्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देई, घर त्यावरच चाले. नर्सिंगच्या बारा पोरींचे अर्ज त्या मशीनमध्ये अर्धे भरलेले होते आणि मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. मशीनला सील लागलं की पोरींचं वर्ष गेलं. बाराही जणी ठाण्याबाहेर उभ्या होत्या.

मी जबाब घ्यायला बसलो.

"लायसन दाखव."

"कायचं लायसन? हे मशीन हाय का मोटरसायकल? मले कोणी कागद देल्ला नाही."

"घेतलं कुठून?"

"यवतमाळच्या दुकानातून. बिल वाळवीनं खाल्लं. चोरीचं असतं त बसस्टँडवर मांडून ठेवलं असतं का, साहेब?"

चोर माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. ही बाई आधी चिडत होती, मग उत्तर देत होती. मला ती खरी वाटली. पण वाटण्यावर पंचनामा होत नाही. दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "स्टिकरवरचा नंबर सांगा, रजिस्टर पाहून सांगतो." आम्ही मशीन उलटंपालटं केलं. स्टिकर नाही. साहेबांनी पंच बोलावले.

तेवढ्यात मंडळी माझा डबा घेऊन आली. क्वार्टर ठाण्यामागेच होतं. 'स्टिकर नाही' हे तिनं दारातच ऐकलं आणि मशीनकडे पाहून ती थबकली. पुढच्या बाजूला शेंदराचा जाड थर, त्यात झेंडूची वाळकी पाकळी अडकलेली.

"खंडेनवमीची पूजा का वो?" तिनं बाईला विचारलं.

"दरसाली! याच्यावरच त पोट हाय, माय. जिथं चमके तिथंच शेंदूर लावला."

मंडळी माझ्याकडे वळली. "काहो, तुमचा बक्कल विसरले का?"

मी शिपाई असताना खंडेनवमीला ती माझ्या पट्ट्याच्या बक्कललाही असाच शेंदूर फासायची. एकदा परेडला साहेबांनी नंबर पाहिला, तर नंबरच दिसेना. भर मैदानात बोलणी खाल्ली होती मी.

ती घरून खोबरेल तेल आणि कापूस घेऊन आली.

"घासू नका, अक्षर जाईन," म्हणत तिनं पंचांसमोर हलक्या हातानं एकेक थर उतरवला. आधी चकाकी दिसली, मग आकडे. सकाळपासून ठाण्यातच बसलेल्या गुरुजींनी चष्मा पुसला आणि फोनवर वाचनालयात बातमी वाचावी तसा खड्या आवाजात नंबर वाचला. तिकडून दुकानदार रजिस्टर पाहून म्हणाला, "बरोबर आहे. मशीन आमचं, लायसन अस्सल."

पोरींनी ठाण्यात टाळ्या वाजवल्या. साहेबही हसले. गुरुजींनी मशीन स्वतः उचलून ऑटोत ठेवलं.

"गुरुजी," बाई म्हणाली, "आता पेपर पुरे. उद्यापासून शिकायले या, फुकट."

गुरुजी खरंच जाऊ लागले. बाराही अर्ज मुदतीत गेले.

'नाही' असं लिहायच्या आधी पुसून पाहावं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढं कितीतरी जबाब मी त्यामुळं दुसऱ्यांदा घेतले.

जुना बक्कल अजून घरात आहे. त्याच्या आकड्यांच्या खोबणीत तिचा शेंदूर बसला आहे. तो मात्र मी पुसत नाही. नंबर मला पाठ आहे.