माती दिलेली कासवं

आमच्या घरात पहिला नमस्कार कासवाला. वडील गावच्या देवळात पूजा करतात. गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाला डावलून पुढे गेलं, की आई अजूनही माझा दंड धरून मागे ओढते. हे ठाऊक असून मी चाळीस समुद्री कासवांच्या कातडीचे तुकडे स्पिरिटच्या नळ्यांत घालून, एका डब्यात भरून तिच्या फ्रीजमध्ये, नैवेद्याच्या दुधाशेजारी ठेवले आणि ते हैदराबादच्या प्रयोगशाळेत न्यायचे म्हणून वारंगा फाट्यावर गाडीची चौकशी करायला गेले. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

मी कासवांचं मूळ-कूळ शोधते. हिंगोलीची पोरगी समुद्राच्या गप्पा मारते म्हणून नातेवाईक हसतात, हसोत. दूरच्या बेटांजवळ उथळ पाण्यात गवत वाढतं आणि हिरवी कासवं तिथे चरायला येतात. आखाडा बाळापूरच्या बाजारात जशी बारा गावची माणसं, तशी त्या कुरणात बारा किनाऱ्यांची कासवं. मादी मात्र अंडी घालायला जन्मगावच्या किनाऱ्याकडेच परतते, बाळंतपणाला माहेरी गेल्यासारखी. कातडीतला आईकडून आलेला डीएनए वाचला, की त्या माहेराचा माग लागतो. एक कुरण नासलं तर कुठले कुठले किनारे ओस पडतील, हे त्यातून सांगता येतं. ते कुरण राखायचं तर पुरावा हवा, आणि माझा वर्षभराचा पुरावा त्या एका डब्यात होता.

परत आले तर फ्रीज लख्ख पुसलेला आणि डबा गायब.

"आई, माझ्या नळ्या कुठंयत?"

"माती दिली त्यास्नी," ती पदराला हात पुसत म्हणाली. "देवाचं मास दुधाजवळ ठेवून राहिलीस! काहून मारलीस गं एवढी?"

माझं डोकं सणकलं. "तुला काय कळतं त्यातलं?" असं आईला कधी बोलू नये ते बोलले. तिने परसातल्या हळदीच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. मी खुरपं घेऊन धावले. समाधी देताना घालतात तसं तिने खड्ड्यात खडेमीठ घातलं होतं, नळ्या ओळीने निजवल्या होत्या आणि वर तुळशीची पानं ठेवली होती. ते पाहून माझा राग कुठल्या कुठे गेला, रडूच आलं. एकोणचाळीस नळ्या घट्ट बंद होत्या. दारूचा वास आला म्हणून एकीतलं स्पिरिट तिने सांडून टाकलं होतं, आणि त्यातला तुकडा मिठात पडला होता.

मग आम्ही वाफ्याच्या कडेलाच बसलो. मी सांगितलं, एकही मारलं नाही. नखाएवढी कातडी घेतली आणि सोडून दिलं.

"सगळी जित्ती हायेत?"

"सगळी."

तिने मातीच्या हातांनीच नमस्कार केला. माहेराची गोष्ट मात्र तिने मला दोनदा सांगायला लावली. तिचं स्वतःचं माहेर माझ्या जन्माआधीच धरणात गेलं. बाळंतपणाला जायला गावच उरलं नव्हतं, म्हणून मी इथेच जन्मले.

"मिठातलीचं माहेर घावलं की मला सांग," ती म्हणाली. त्यानंतर प्रत्येक फोनवर जेवलीस का विचारण्याआधी हाच प्रश्न.

मिठाने तो तुकडा वाळवून टिकवला होता. प्रयोगशाळेत तो नीट वाचता आला. बहुतेक कासवांचे किनारे जुळले. मिठातलीचा मात्र नोंदीतल्या एकाही किनाऱ्याशी मेळ बसेना. आईला फोन करायला मी दोन दिवस टाळाटाळ केली.

"न्हाई घावलं गं," शेवटी मी तिच्याच बोलीत म्हणाले.

तिने विचारलं, "मोठी हाय का बारकी?"

"बारकी. लेकरूच."

"मंग? लेकरू हाय म्हंजे आत्ता आत्ता कुठंतरी जन्मलं ना? किनारा हाय तो. तुमाला दिसंना एवढंच. माझ्या गावच्या मारुतीचा पार उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतो म्हणतात. म्या कुठं पायलाय?"

अहवालात त्या लेकरासमोर 'अज्ञात' लिहायची पद्धत आहे. मी 'शोध चालू' असं लिहिलं. आणि यंदा पाणी उतरलं, की पहिल्यांदा आईला तिच्या माहेरी घेऊन जाणार आहे.