खाणीच्या गावातले हिरवे तांबे

अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझे कधीच बरोबर येत नाही, त्याची आधी माफी मागते. शाळा चौथीपर्यंत झाली. ही वही कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागितल्याशिवाय हात पुढे चालत नाही.

निवृत्त पोलीस अधिकारी मासिकांत आपल्या केसेस लिहितात, त्या मी आवडीने वाचते. मी अधिकारी नव्हते. पण अमिरातीत डोंगरातल्या एका पोलीस ठाण्यात चौदा वर्षे चहा केला, फरशी पुसली, आणि कोणी बाई तक्रार द्यायला आली की तिच्याजवळ बसले. तिथली एक केस मनातून जात नाही. नावे कोणाचीच लिहीत नाही.

ते गाव फार जुन्या खाणींचे. चहूकडे तपकिरी, उघडे डोंगर. मध्ये खजुराच्या बागा, त्यांना पाणी नेणारा दगडी पाट, टेकडीवर टेहळणीचा गोल बुरूज. बुरुजाच्या मागे हजारो वर्षांपूर्वी लोक तांबे काढत. भट्टीतून निघालेली काळी, काचेसारखी मळी अजून तिथे पडलेली आहे, आणि दगड कुटून कुटून खळगे पडलेल्या शिळाही. पहिल्यांदा गेले तेव्हा जमिनीतला भट्टीचा खड्डा बघून मी खालीच बसले. माझे वडील तांबट होते. आमची भट्टी एवढीच होती, भात्याचे तोंड लावायची जागासुद्धा त्याच बाजूला.

शुक्रवारी सुट्टीला दुबईतल्या करामा भागातली, अबुधाबीकडची आपली कुटुंबे डबे घेऊन हे बघायला येत. त्यांना फिरवणारा माणूस महाडकडचा होता. डोंगरापलीकडे दगडाच्या मोठ्या खाणीत तो ड्रिल मशिनवर कामाला होता. २००८ची मंदी आली, दुबईतली बांधकामे थांबली आणि दगड कोणाला नको झाला. खाण बंद, मालक परदेशात पळालेला, पाच महिने पगार नाही. बाकीचे कामगार खाणीच्या कॅम्पमध्ये पगाराची वाट बघत बसले. हा मात्र शेळ्या चारणाऱ्या एका म्हाताऱ्या अरबाकडून गावाची माहिती शिकला आणि गाईड झाला.

“ताई, या शिळेवर बायका दगड कुटायच्या,” तो सांगायचा. “तुमच्या मिक्सरला बटण आहे, त्यांच्या मिक्सरला हात होते.”

लोक हसत आणि पाच-दहा दिरहॅम हातावर ठेवत.

एके दिवशी करामाचे एक जोडपे ठाण्यात आले. बाईने पर्समधून कागदात गुंडाळलेला तांब्याचा हिरवा गोळा काढून टेबलावर ठेवला. गाईडने तो खाणीतला जुना म्हणून विकला होता.

“दीडशे दिरहॅम दिले हो, म्हणजे दोन हजार रुपये,” ती मला मराठीत म्हणाली. “म्हटलं, शोकेसमध्ये ठेवू.”

“शोकेसमध्ये वस्तू नाही, जेलमध्ये आपण,” तिचा नवरा म्हणाला. “ऑफिसमध्ये सगळे सांगतायत, अँटिक आहे, एअरपोर्टवर पकडतील.”

आमचे साहेब तिथलेच अरब, पण हिंदी चांगली बोलत. आवाज कधी चढवत नसत. त्यांनी तक्रार लिहून घेतली आणि दुपारी गाईडला आणला. त्याच्या पिशवीत तसेच आणखी चार गोळे निघाले.

चौकशीच्या वेळी मी चहा घेऊन आत होते.

“ये कहाँ से लिया?”

“जमीन से उठाया, साब. ऐसा ही पडा था.”

“पक्का?”

“वल्ला, कसम से, साब. चोरी नहीं किया. गिरा हुआ था, उठाया.”

साहेबांनी पेन खाली ठेवले. त्या देशात जुन्या जागेवरची वस्तू उचलणे हा मोठा गुन्हा, वर्षे आत काढावी लागतात. याला वाटत होते की आपण सर्वांत साधे उत्तर देतोय. आपल्याकडे माळावर पडलेले उचलले तर कोण चोर म्हणतो? तो जबाबावर अंगठ्यासकट सही करून मोकळा झाला. मुद्देमाल सील करायचा होता, पण संग्रहालयाचा माणूस तपासायला येईपर्यंत ते गोळे साहेबांच्या कपाटात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाट पुसताना एक गोळा मी हातात घेतला. बोटाला हिरवे लागले. वास घेतला तर व्हिनेगरचा. जमिनीत पुरलेले तांबे आतपर्यंत खाल्लेले असते, त्याचा हिरवा रंग दगडासारखा धरून बसतो. हा तर कल्हई गेलेल्या पातेल्यात आमटी कळकावी, तसा वरवरचा. एका बाजूला वितळायचे राहिलेले वायरीचे टोकही दिसत होते. हे खाणीतले नव्हतेच. कॅम्पमधली केबल वितळवून त्याने गोळे केले आणि व्हिनेगर लावून हिरवे केले होते. म्हणजे गुन्हा होता, पण लहान. फसवणुकीचा.

मी गोळा जागेवर ठेवला आणि फडके पिळले.

का बोलले नाही, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारले आहे. कामावर घेताना मुकादमाने सांगितले होते, बघायचे पण बोलायचे नाही. आणि मला चार माणसांत तोंड उघडायची सवयच नाही. वाटले, साहेब शिकलेले, त्यांना कळेल. वाटले, तो स्वतः सांगेल. रोज सकाळी मी लॉकअपमध्ये चहा द्यायची. तो विचारायचा, “मावशी, कॅम्पचं काही कळलं का?” मी मान हलवून नाही म्हणायची. असे अकरा दिवस गेले, संग्रहालयाचा माणूसही आला नाही.

अकराव्या दिवशी दुपारी ठाण्यासमोरून दोन बस गेल्या. छतावर बॅगा बांधलेल्या. सरकारने कॅम्पच्या कामगारांना तीन महिन्यांचा पगार आणि तिकीट दिले होते. जो हजर होता त्याला रोख, जो नव्हता त्याचे नाव खोडले. ठाण्याच्या खिडकीतून मला बसच्या खिडक्यांतली सगळी तोंडे दिसली. हसत होती.

दुसऱ्या दिवशी मी घरून चिंच आणि मीठ घेऊन गेले. साहेबांसमोर उभी राहिले. म्हटले, “साब, एक गोला दो.” त्यांनी नवलाने दिला. मोरीवर जाऊन चिंचेने घासला. दोन मिनिटांत लालभडक, नव्या घंगाळासारखा. वायरीचे टोक त्यांना दाखवले.

साहेबांनी ते टोक नखाने खरवडून बघितले. मग म्हणाले, “अम्मा, पहले दिन क्यों नहीं बोला?”

“किसी ने पूछा नहीं, साब.”

“हाँ,” ते म्हणाले. “मैंने उसको भी नहीं पूछा, असली है कि नकली.”

गाईडला बोलावले. त्याने लगेच कबूल केले. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाला, “नकली म्हटलं असतं तर केबलचोर ठरलो असतो, मावशी. म्हटलं, उचललं म्हणणंच बरं.”

केबलच्या मालकाचा पत्ता नव्हता, त्यामुळे त्याची तक्रार कोण देणार? उरले गिऱ्हाईक. नऊ गोळे विकलेले, प्रत्येकी दीडशे. साहेब म्हणाले, सगळ्यांचे पैसे परत केले आणि त्यांनी तक्रार सोडली तर खलास, याला घरी पाठवतो. त्याच्याकडे चहाचे पैसे नव्हते. पगार मिळाला असता तर तो हसत देऊन गेला असता.

त्या महिन्यात माझी भिशी लागली होती. तेराशे पन्नास दिरहॅम मी भरले. तो पाया पडायला वाकला, मी मागे सरकले.

“नशीबच फुटकं माझं,” तो म्हणाला. “चार दिवस आधी सुटलो असतो तर बस गाठली असती. पण तुम्ही होतात म्हणून निघालो. एकेक पैसा देईन.”

मला दुसऱ्याच दिवशी कळले होते, हे तेव्हा सांगायला हवे होते. दारात जीप उभी होती, साहेब कागदांवर सह्या करत होते. मी म्हटले, “सावकाश दे. नीट जा.”

अधिकारी लोक अशा ठिकाणी लिहितात की या केसने मला अमुक शिकवले. मला एवढेच समजले की लॉकअपचे दार किल्लीने उघडते हे खरे, पण कधी कधी किल्ली चहावालीच्या पदराला असते आणि ती गप्प बसते. नंतर मी बोलायला लागले. साहेब कधी कधी मुद्दाम विचारत, “अम्मा, तुमको क्या लगता है?” मी सांगायची. पण ते पुढच्या लोकांसाठी.

तो गावी रिक्षा चालवू लागला. सुट्टीवरून परतणाऱ्या कोणा ना कोणाच्या हाती पाकीट यायचे. रुपये बदलून घेतलेले शंभर दिरहॅम, कधी पन्नास. नको म्हणावे तर का नको ते सांगावे लागले असते. ते मला जमले नाही, म्हणून प्रत्येक वेळी घेतले. साडेचार वर्षे हे चालले. शेवटच्या पाकिटात पन्नासची एक नोट आणि चिठ्ठी होती, ‘मावशी, आज सगळे फिटले. उपकार मात्र फिटणार नाहीत.’

मी मोजून बघितले. तेराशे पन्नास, पुरे.